मॅनेज्ड स्विचला आयपी द्यायचा, पण बसलेली फांदी न तोडता

सातपूर, अंबड आणि सिन्नर इथल्या छोट्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. नवं गिऱ्हाईक मिळालं की पहिल्या भेटीत मी एक प्रश्न हमखास विचारतो, "तुमच्या स्विचचे आयपी कुठे लिहून ठेवलेत?" स्विच म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नेटवर्क केबली एकत्र जोडणारा डबा, आणि आयपी म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा पत्ता. बहुतेक वेळा समोरचा माणूस उत्तर द्यायच्या ऐवजी रॅककडे बोट दाखवतो. रॅक उघडावा तर आत चोवीस पोर्टचा चांगला मॅनेज्ड, म्हणजे आत शिरून सेटिंग बदलता येणारा स्विच, आणि तो साध्या अनमॅनेज्ड डब्यासारखा वापरलेला. खोक्यातून काढला, पिन लावली, केबली खुपसल्या, लाइट लुकलुकले, झालं. तसा तो वर्षानुवर्षं चालतोही. मग एक दिवस नेटवर्क रांगायला लागतं, कुठल्या पोर्टवर काय गोंधळ चाललाय ते बघायला आत शिरावं म्हटलं तर शिरायला दारच नसतं.

ते दार बसवायचं कसं, ते इथे सांगतो. कीबोर्डवरचं काम पाच मिनिटांचं आहे. खरा वेळ जातो तो कागदावर ठरवण्यात आणि पायऱ्यांचा क्रम पाळण्यात. लोक नेमकं तेच वगळतात. मीही एकदा वगळलं होतं, ती गोष्ट पुढे येईल.

आयपी नसतानाही स्विच चालतो, मग तो द्यायचा कशाला?

एमआयडीसीतल्या प्लॉटचं उदाहरण घ्या. प्लॉटच्या आत फोर्कलिफ्ट फिरते, माल या शेडमधून त्या शेडमध्ये जातो. त्यासाठी कोणाला प्लॉट नंबर लागत नाही. नंबर लागतो तो बाहेरून येणाऱ्या कुरिअरवाल्याला. स्विचचंही तसंच आहे. लेयर टूचा, म्हणजे साधा स्विच मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा नंबर) बघून फ्रेम, म्हणजे डेटाची पुडकी, या पोर्टवरून त्या पोर्टवर टाकतो, त्याला स्वतःच्या आयपीची गरज पडत नाही. आयपी लागतो तो तुम्हाला, म्हणजे एसएसएचने (दुरून कमांड द्यायची कुलूपबंद वाट) किंवा ब्राउझरने आत जायला, एसएनएमपीने नजर ठेवायला, लॉग सर्व्हरकडे पाठवायला, घड्याळ लावायला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, स्विचचा आयपी चुकला म्हणून कारखाना बंद पडत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. दोन, तो आयपी कुठल्याही एका पोर्टला चिकटलेला नसतो. तो बसतो व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कच्या, इंटरफेसवर. भौतिक पोर्टवर आयपी द्यायला गेलात तर लेयर टूचा स्विच कमांडच नाकारेल. शिकाऊ पोरं इथेच पहिला अर्धा तास घालवतात.

आधी कागद

समजा अंबडला एक प्रेस शॉप आहे. ऑफिस, शॉप फ्लोअर, स्टोअर आणि गेट असे चार स्विच, आणि इंटरनेटच्या तोंडाशी एक फायरवॉल. मी कागदावर असं मांडतो:

व्हीलॅन १०, ऑफिस: १०.२०.१०.०
व्हीलॅन २०, मशिन: १०.२०.२०.०
व्हीलॅन ३०, कॅमेरे: १०.२०.३०.०
व्हीलॅन ९९, मॅनेजमेंट: १०.२०.९९.०

सगळीकडे मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे गल्लीचे आणि शेवटचा घराचा. तिसरा आकडा म्हणजेच व्हीलॅनचा नंबर, त्यामुळे सहा महिन्यांनी रात्री अकराला फोन आला तरी पत्ता पाठ असतो. मॅनेजमेंटमध्ये फायरवॉल १०.२०.९९.१, ऑफिसचा स्विच १०.२०.९९.११, शॉप फ्लोअरचा १२, स्टोअरचा १३, गेटचा १४. वायफायच्या ॲक्सेस पॉइंटना ३१ पासून पुढे, यूपीएसच्या कार्डांना ५१ पासून पुढे. मध्ये मुद्दाम रिकामी जागा सोडायची. कारखाना वाढतो, शेजारचा प्लॉट घेतला जातो.

१९२.१६८.१ ची मालिका मी टाळतो. बाजारातले बरेच राउटर तीच मालिका घेऊन येतात. तुमच्या घरच्या ब्रॉडबँडलाही बहुधा तीच असते, मग घरून व्हीपीएनने कारखान्यात शिरायला गेलात की लॅपटॉपला कळत नाही, हा पत्ता घरातला की कारखान्यातला. त्यात भर कॅमेऱ्यांची. हिकव्हिजनचा कॅमेरा मूळचा १९२.१६८.१.६४ वर असतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८ वर. कॅमेरेवाला चार नवे कॅमेरे लावून जातो आणि तुमचा एखादा स्विच किंवा प्रिंटर त्याच पत्त्यावर बसलेला असतो.

खासगी, म्हणजे फक्त आतल्या वापराच्या, पत्त्यांच्या तीनच मालिका आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने ठरवलेल्या: १० ने सुरू होणारी सगळी, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. यांच्याबाहेर जाऊ नका. एका ठिकाणी मी १९२.१६९ लावलेलं पाहिलंय. टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं आणि पुढच्या प्रत्येकाने तेच पुढे चालवलं. तो पत्ता इंटरनेटवर दुसऱ्या कोणाच्यातरी मालकीचा आहे.

व्हीलॅन १ वरच आयपी दिला तर? चालेल. चार पीसी आणि एक स्विच असेल तर बिनधास्त द्या. पण खोक्यातून काढलेल्या कोऱ्या स्विचची सगळी पोर्टं व्हीलॅन १ मध्येच असतात, म्हणजे गेटवर कोणीही लॅपटॉप खुपसला की तो थेट तुमच्या स्विचच्या दारात. म्हणून मी वेगळा व्हीलॅन घेतो. ९९ हा निव्वळ प्रघात. १ ते ४०९४ मधला बहुतेक कुठलाही नंबर चालतो, फक्त सिस्को कंपनीने १००२ ते १००५ स्वतःसाठी राखून ठेवलेत.

डीएचसीपीने, म्हणजे आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांतून, आयपी घेऊ द्यावा का? स्विचला नको, असं माझं मत. लाइट जाऊन आली की स्विच, सर्व्हर, फायरवॉल सगळे एकदम उठतात, कोण आधी उठेल याचा नेम नाही. आणि नेमकं ज्या दिवशी डीएचसीपी पडलेला असतो त्या दिवशीच तुम्हाला स्विचमध्ये शिरायचं असतं. पत्ता हातानेच द्या आणि डीएचसीपीच्या वाटपातून ती मालिका वगळा.

कन्सोलची केबल

पहिल्यांदा आयपी देताना कन्सोलइतकी, म्हणजे स्विचच्या खास सेटिंगच्या पोर्टला लॅपटॉप जोडण्याइतकी, खात्रीची वाट नाही. सिस्कोची कन्सोल केबल बहुधा आकाशी रंगाची, चपटी असते, एका टोकाला नेटवर्कसारखा आरजे-४५, दुसऱ्या टोकाला जुना नऊ पिनांचा सिरियल. आजच्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर पिशवीत कायम ठेवा. काही नव्या स्विचना यूएसबीचं कन्सोल पोर्टही असतं. दिसायला ती केबल नेटवर्कसारखी असली तरी ती कन्सोल लिहिलेल्या पोर्टमध्येच घालायची.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा. पुट्टी हा कमांड लिहायचा प्रोग्राम उघडा, सिरियल निवडा, तो नंबर टाका आणि वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. एंटर दाबा. काहीच उमटलं नाही तर कॉम नंबर चुकलाय किंवा केबल नीट बसलेली नाही. चिनी-जपानी वाटावी अशी अक्षरं आली तर वेग चुकलाय, काही स्विच ११५२०० वर बोलतात, तो लावून बघा. कोरा सिस्को स्विच 'इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉग'मध्ये शिरायचं का विचारतो. नो म्हणा.

स्विच जुन्या बाजारातून घेतला असेल तर आधी धुऊन घ्या. 'राइट इरेज' ही कमांड दिली तरी व्हीलॅनची यादी पुसली जात नाही, ती फ्लॅशमध्ये 'व्हीलॅन.डॅट' नावाच्या वेगळ्या फाइलीत असते. तीही 'डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट' करून उडवायची आणि मग रिलोड.

कमांड

इथे कमांड मी देवनागरीत, आपण बोलतो तशा लिहितोय. टाइप अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने करायच्या. स्पेलिंग अडलं तर प्रश्नचिन्ह दाबा, पुढे काय काय चालतं त्याची यादी स्विचच दाखवतो. अर्धा शब्द लिहून टॅब दाबलात तर तो पुरा करतो. ही दोन बटणं कळली की पाठांतराची गरज उरत नाही.

ऑफिसच्या स्विचवर, सिस्कोच्या भाषेत:

एनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
व्हीलॅन ९९
नेम मॅनेजमेंट
एक्झिट
इंटरफेस व्हीलॅन ९९
आयपी ॲड्रेस १०.२०.९९.११ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
एक्झिट
आयपी डिफॉल्ट-गेटवे १०.२०.९९.१
एंड

यातल्या 'व्हीलॅन ९९' आणि 'इंटरफेस व्हीलॅन ९९' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने व्हीलॅन जन्माला येतो, दुसरीने त्या व्हीलॅनमध्ये स्विचसाठी खोली बांधली जाते. नुसती दुसरी दिली तर स्विच कुरकुर न करता आयपी लिहून घेतो, पण इंटरफेस उठत नाही.

'आयपी डिफॉल्ट-गेटवे' ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी ओळ. गेटवे म्हणजे गल्लीबाहेर जायचं दार, इथे फायरवॉल. ती नसली की स्विच आपल्या गल्लीतल्यांशी बोलतो, गल्लीबाहेर एक शब्द नाही. म्हणजे त्याच व्हीलॅनमध्ये लॅपटॉप लावून पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारली, की उत्तर येतं, तुम्ही खूश होऊन घरी जाता आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पीसीवरून काहीच लागत नाही. पिंग जातं, पण उत्तर परत कुठल्या वाटेने पाठवायचं ते स्विचला माहीत नसतं.

एक पोटकलम. स्विच लेयर थ्रीचा, म्हणजे व्हीलॅनांमध्ये वाट काढून देणारा असेल आणि त्यावर 'आयपी राउटिंग' चालू असेल तर ही गेटवेची ओळ तो लिहून घेतो आणि तिच्याकडे साफ दुर्लक्ष करतो. तिथे 'आयपी राउट', चार शून्यं, पुन्हा चार शून्यं आणि शेवटी गेटवेचा पत्ता, अशी ओळ द्यावी लागते.

आता एक पोर्ट लॅपटॉपसाठी ९९ मध्ये टाकू. मी कायम चोविसावं पोर्ट यासाठी राखतो:

इंटरफेस गिगाबिट-इथरनेट ०/२४
स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन ९९

आणि जी केबल दुसऱ्या स्विचकडे किंवा फायरवॉलकडे जाते ते पोर्ट ट्रंक, म्हणजे एकाच केबलमधून अनेक व्हीलॅन नेणारं, असायला हवं, त्यातून ९९ जायला हवा. इथेच माझी गोष्ट.

सिन्नरची रात्र

सिन्नरच्या एका कारखान्यातले स्विच व्हीलॅन १ वरून ९९ वर न्यायचे होते. इंदिरानगरला घरी बसून, जेवण झाल्यावर, रात्री साडेनऊला मी व्हीपीएनने आत शिरलो. तिथे ट्रंकवर व्हीलॅनची यादी आधीपासून ठरवलेली होती, तीत फक्त ९९ वाढवायचा होता. मी गेटच्या स्विचच्या अपलिंकवर, म्हणजे पुढच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर, लिहिलं, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ९९'. एंटर दाबला. पुढचं अक्षर टाइप केलं, ते उमटेना. आणखी दोनदा एंटर. स्क्रीन थिजलेली.

ती ओळ यादीत भर घालत नाही, जुनी यादी फेकून नवी ठेवते. म्हणजे त्या केबलमधून आता फक्त ९९ जात होता. १, १०, २०, ३० सगळे बाहेर, आणि मी स्वतः १ वरून आत शिरलेलो. बसलेली फांदी तोडली. लिहायला हवं होतं 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ९९'. एका 'ॲड'चा फरक.

गेटवर फोन लावला. "मामा, तुमच्या केबिनच्या मागे भिंतीवर रॅक आहे ना, त्यातल्या स्विचची पिन काढा आणि दहा आकडे मोजून परत लावा."

"साहेब, दोन काळ्या पिना हायेत. कोणती काढू?"

"ज्या डब्यावर हिरवे लाइट लुकलुकतायत त्याची."

"दोन्हींवर लुकलुकत्यात."

पहिली पिन कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची निघाली. दुसरी बरोबर निघाली. चारेक मिनिटांत स्विच उठला आणि जुन्या यादीसकट उठला, कारण मी बदल सेव्ह केलाच नव्हता. सिन्नरची तीसेक किलोमीटरची खेप वाचली ती तेवढ्यामुळे.

त्या रात्रीपासून दुरून काम करताना मी पहिली कमांड देतो ती 'रिलोड इन १०'. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होईल, एवढंच ती सांगते. आधीचा काही बदल सेव्ह करायचा राहिला असेल तर तो विचारतो, सेव्ह करू का. काय राहिलंय ते बघून मगच हो-नाही ठरवा, पण नव्या प्रयोगातलं काही सेव्ह होऊ देऊ नका. मग बदल करायचे. आत शिरता येतंय याची खात्री झाली की 'रिलोड कॅन्सल'. स्वतःला तोडून घेतलंत तर चहा घ्या, दहा मिनिटांत स्विच जुन्या रूपात परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळ्यांचं नेटवर्क काही मिनिटं जाईल हे धरून चाला, डिस्पॅचच्या वेळी हा खेळ नको.

व्हीलॅन बदलतानाचा क्रमही त्याच रात्री पक्का झाला. आधी सगळ्या स्विचवर ९९ जन्माला घाला. मग प्रत्येक ट्रंकवर 'ॲड'ने तो सोडा, लांबच्या स्विचपासून सुरू करून जवळ या. फायरवॉलवर १०.२०.९९.१ उभा करा. मग स्विचवर इंटरफेस ९९ आणि त्याचा आयपी, मग गेटवे. नव्या पत्त्यावरून आत शिरून बघा. आणि सगळ्यात शेवटी, दुसऱ्या खिडकीत नवं कनेक्शन चालू असतानाच, व्हीलॅन १ वरचा जुना आयपी 'नो आयपी ॲड्रेस'ने काढा. काही जुन्या मॉडेलवर एका वेळी एकच व्हीलॅन इंटरफेस जागा राहतो. तिथे नवा उठवला की जुना झोपतो, म्हणून तो बदल कन्सोलवरूनच करा.

ब्राउझरवाले स्विच

छोट्या कारखान्यांत, शाळांत, द्राक्षांच्या पॅक हाउसमध्ये कमांडवाला सिस्को क्वचितच भेटतो. भेटतात ते डी-लिंक, टीपी-लिंक, नेटगिअरचे स्मार्ट स्विच. त्यांना जन्मतःच एक पत्ता असतो. डी-लिंकच्या स्मार्ट मालिकेत १०.९०.९०.९०, मास्क २५५.०.०.०. टीपी-लिंकमध्ये १९२.१६८.०.१. नेटगिअरचे बरेच स्मार्ट स्विच आधी डीएचसीपीकडे मागतात, मिळाला नाही तर १९२.१६८.०.२३९ घेतात. खात्रीसाठी तळाचं स्टिकर वाचा.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर तो भलत्याच वाटेने जातो. रनमध्ये 'एनसीपीए.सीपीएल' लिहा, इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन स्विचच्याच मालिकेतला पण वेगळा पत्ता द्या. डी-लिंकसाठी १०.९०.९०.१००, मास्क २५५.०.०.०, गेटवे रिकामा. केबल थेट स्विचला लावा. ब्राउझरमध्ये १०.९०.९०.९० उघडा, पासवर्ड टाका, पासवर्ड लगेच बदला. मग सिस्टिमच्या मेनूत आयपी सेटिंग, तिथे स्टॅटिक निवडून पत्ता, मास्क, गेटवे भरा आणि अप्लाय.

आता पान अडकेल. गोल गोल फिरत राहील. घाबरून पिन काढू नका. स्विच नव्या पत्त्यावर गेलाय, ब्राउझर अजून जुन्या दारात उभा आहे, एवढंच. लॅपटॉपचा आयपी नव्या मालिकेत न्या, नवा पत्ता उघडा. आणि आत गेल्यावर सेव्हचं वेगळं बटण शोधा. यातल्या बऱ्याच स्विचमध्ये अप्लाय म्हणजे 'आत्तापुरतं', सेव्ह म्हणजे 'कायमचं'. लाइट जाऊन आल्यावर स्विच पुन्हा १०.९०.९०.९० वर दिसला तर तुमचं सेव्ह राहिलेलं असतं.

चार नवे स्विच आले तर चारही एकदम नेटवर्कला लावू नका. चौघांचाही पत्ता तोच. एक खोकं उघडा, पत्ता बदला, सेव्ह करा, लेबल लावा, मग दुसरं उघडा.

एचपी प्रोकर्व्ह किंवा त्याच वंशातला अरुबा भेटला तर भाषेचा एक खड्डा सांभाळा. सिस्को ज्याला ट्रंक म्हणतो, त्याला तिथे टॅग्ड पोर्ट म्हणतात. आणि तिथे 'ट्रंक' म्हणजे दोन-चार केबली एकत्र बांधणं. सिस्कोच्या सवयीने तिथे ट्रंक कमांड दिली तर वेगळंच काहीतरी होऊन बसतं. बाकी सोपं आहे: 'व्हीलॅन ९९'मध्ये शिरा, 'अनटॅग्ड २४' (लॅपटॉपचं पोर्ट), 'टॅग्ड २३' (दुसऱ्या स्विचकडे जाणारं), मग तिथेच 'आयपी ॲड्रेस' आणि मास्क. बाहेर येऊन 'आयपी डिफॉल्ट-गेटवे', शेवटी 'राइट मेमरी'.

लागला नाही तर

सिस्कोवर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' द्या आणि व्हीलॅन ९९ ची ओळ वाचा. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसलं तर 'नो शटडाउन' राहिलंय. प्रोटोकॉलच्या रकान्यात डाउन दिसलं तर व्हीलॅन जन्मालाच आलेला नाही, किंवा त्यातलं एकही पोर्ट जिवंत नाही. व्हीलॅनचा इंटरफेस उठायला त्या व्हीलॅनचं निदान एक पोर्ट चालू लागतं, ट्रंकवरून आलेलं असलं तरी चालतं. टेबलावर एकट्या स्विचला आयपी देऊन "पिंग का होत नाही" म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. चोविसाव्या पोर्टला लॅपटॉप लावला की इंटरफेस काही क्षणांत उठतो. काही क्षण एवढ्यासाठी, की पोर्ट उठल्यावर स्विचमधली स्पॅनिंग ट्री नावाची सोय आधी केबलींचा लूप, म्हणजे गोल फेरा, नाही ना याची खात्री करते, त्यात अर्ध्या मिनिटापर्यंत जाऊ शकतं.

दोन्ही अप आहेत तरी दुसऱ्या टोकाच्या स्विचवरून पिंग नाही? 'शो इंटरफेसेस ट्रंक' दोन्ही बाजूंना बघा, ९९ दोन्ही याद्यांत हवा. गल्लीत लागतो पण ऑफिसच्या पीसीवरून नाही? मग गेटवे, आणि तोही बरोबर असेल तर फायरवॉलचा नियम. ऑफिसच्या व्हीलॅनमधून ९९ मध्ये जायची परवानगी फायरवॉलवर मुद्दाम द्यावी लागते, आणि ती फक्त तुमच्याच पीसीला द्या.

कधी लागतो, कधी तुटतो, असं चाललं तर एकाच पत्त्यावर दोघं बसलेत. नवा पत्ता देण्याआधी पिंग करून बघणं ठीक, पण पिंगला उत्तर नाही म्हणजे जागा रिकामी असं नाही. विंडोजची फायरवॉल पिंग गिळून टाकते. त्याच व्हीलॅनमधल्या लॅपटॉपवरून पिंग केल्यावर लगेच 'एआरपी -ए' द्या. त्या पत्त्यासमोर मॅक दिसला तर तिथे कोणीतरी आहे. तो मॅक घेऊन स्विचवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' बघा, पोर्टचा नंबर मिळतो, त्या पोर्टची केबल धरून चालत जायचं. असा एकदा चालत गेलो तर कँटीनच्या दारातल्या हजेरीच्या मशिनपाशी पोहोचलो. बोट ठेवून हजेरी लावायची रांग सुरू झाली की माझा स्विच गायब व्हायचा.

दाराला कुलूप

पत्ता मिळाला म्हणजे आता कोणीही दार वाजवू शकतं. टेलनेट ही आत शिरायची जुनी वाट बंदच ठेवा, त्यात पासवर्ड उघडा जातो. सिस्कोवर एसएसएचसाठी आधी होस्टनेम आणि 'आयपी डोमेन-नेम' द्यावं लागतं, त्याशिवाय किल्ली बनत नाही. मग 'क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८', एक युजरनेम सीक्रेटसकट, एक 'एनेबल सीक्रेट', आणि:

लाइन व्हीटीवाय ० १५
लॉगिन लोकल
ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच

वेब पान वापरत नसाल तर 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर', आणि एचटीटीपीएस चालू असेल तर तेही बंद.

घड्याळही लावून टाका, 'एनटीपी सर्व्हर' आणि पत्ता. नाहीतर सिस्कोच्या साध्या कॅटलिस्ट स्विचला वीज गेल्यावर वेळ आठवत नाही आणि तो १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. बिघाड शोधताना लॉगमध्ये ती तारीख दिसली की कालची घटना कुठली आणि आजची कुठली, काही कळत नाही.

सेव्ह, नक्कल, लेबल

सगळं तपासून झालं की 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. मग 'शो रनिंग-कॉन्फिग'चं सगळं आउटपुट नोटपॅडमध्ये घेऊन स्विचच्या नावाने आणि तारखेने जपून ठेवा, पण व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्यात पासवर्डही असतात. स्विच जळला तर नव्यात तीच फाइल ओतायची.

आयपीचा तक्ता एका कागदावर छापून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात लावा. पत्ता, व्हीलॅन, कुठल्या पोर्टवरून कुठे केबल जाते आणि लॅपटॉपचं राखीव पोर्ट कोणतं, एवढंच. पासवर्ड तिथे लिहायचा नाही. प्रेस शॉपमध्ये तेलाची धूळ सगळ्यावर बसते, पाकीट नसेल तर कागद दोन महिन्यांत पिवळा आणि पारदर्शक होतो.

स्विचच्या पुढच्या पट्टीवर त्याचा शेवटचा आकडा ठळक चिकटवा: ११, १२, १३, १४. आणि वीज जिथे घातलीय त्या पिनेवरही. सिन्नरला आता एका पिनेवर 'स्विच' आणि दुसरीवर 'कॅमेरा' लिहिलंय, मराठीत, मामांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.